उपालीचा वारसा



आषाढ पौर्णिमेपासून आपल्या विहारांतून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालू होते. त्या वाचनात एका दिवशी उपालीची कथा येते. आपण ती ऐकतो, हात जोडतो आणि घरी जातो. आज मी तुम्हांला त्या कथेपाशी थोडा वेळ थांबण्याची विनंती करणार आहे. कारण त्या कथेत आपल्या आजच्या जगण्याला लागणारी एक शिकवण आहे, आणि ती आपण अजून पुरती उचललेली नाही.

उपाली हा शाक्यांच्या पदरी असलेला न्हावी. अनुरुद्ध, भद्दिय, आनंद आदी शाक्य राजपुत्र प्रव्रज्या घेण्यासाठी निघाले तेव्हा तोही त्यांच्याबरोबर तथागतांकडे आला. त्या राजपुत्रांनी भगवंतांना विनंती केली की, आमच्या आधी उपालीला दीक्षा द्यावी. म्हणजे तो आमच्यापेक्षा ज्येष्ठ होईल, आम्हांला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा शाक्य कुळाचा ताठा उतरेल. तथागतांनी तसेच केले. कालपर्यंत ज्यांची दाढी करायची त्यांचे वंदन आज उपालीने स्वीकारले. एवढी कथा आपल्याला माहीत आहे.

परंतु कथा तेथे संपत नाही. हा उपाली पुढे संघात कशासाठी प्रसिद्ध झाला? तो विनयाचा सर्वांत मोठा जाणकार झाला. विनय म्हणजे संघाचा कायदा. कोणता दोष कोणता, त्याची चौकशी कशी करावी, आरोप कोणी करावा, तो कोणासमोर करावा, निर्णय कसा व्हावा, हे सारे विनयात आहे. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृह येथे पाचशे भिक्खूंची पहिली संगीती भरली. तेथे महाकश्यपांनी धम्माविषयी आनंदाला विचारले, पण त्याच्याही आधी विनयाविषयी उपालीला विचारले. ज्या समाजात शूद्राने नियम ऐकायचे आणि वरच्यांनी ते सांगायचे अशी रीत होती, त्या समाजात एका न्हाव्याने पाचशे भिक्खूंसमोर संघाचा सारा कायदा सांगितला आणि तोच प्रमाण मानला गेला!

बंधुभगिनींनो, उपालीला मिळालेली दीक्षा ही तथागतांची करुणा होती. पण उपाली विनयधर झाला तो स्वतःच्या अभ्यासाने. दीक्षेने तो समान झाला. अभ्यासाने त्याला कोणाच्या तोंडाकडे पाहण्याची गरज राहिली नाही. आपण पहिली गोष्ट घेतली. दुसरी घ्यायची राहिली आहे.

सहा-सात वर्षांपूर्वीची एक गोष्ट सांगते. आमच्या विहारात नियमाने येणाऱ्या एक वयस्कर मावशी आहेत. शेतमजुरी करतात. एका सकाळी सार्वजनिक नळावर त्यांची घागर लाथेने उडवली गेली आणि जातीचे नाव घेऊन त्यांना भर लोकांत शिव्या देण्यात आल्या. मावशी धीराच्या. त्या एकट्याच एस. टी. ने तालुक्याला गेल्या, पोलीस ठाण्यात बसल्या, सारे सांगितले. तेथे काहीतरी लिहून घेतले, अंगठा घेतला, हातात एक कागद दिला. मावशींनी तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून बाबासाहेबांच्या फोटोमागे ठेवला. तीन महिन्यांनी एका पौर्णिमेला वंदना झाल्यावर त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, “बाई, माझ्या केसची तारीख कवा हाय, तेवढं यात बघा.”

मी तो कागद वाचला. त्यात ‘पाणी भरण्यावरून किरकोळ बोलाचाली’ असे लिहिले होते. जातीचा उल्लेख नव्हता. साक्षीदारांची नावे नव्हती. वरच्या बाजूला एक शब्द होता, ‘अदखलपात्र’. केस नव्हतीच, मग तारीख कोठून असणार? आणि मला तुमच्यापुढे कबूल केले पाहिजे की त्या शब्दाचा नेमका अर्थ मलाही सांगता आला नाही. मी पदवीधर. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिली. वर्गात मुलांना नागरिकशास्त्र शिकवते, मूलभूत हक्कांवर प्रश्न काढते. आणि एका अक्षरशून्य माउलीने विश्वासाने पुढे केलेला कागद मला समजावून देता आला नाही. त्या दिवशी मी जे शिकायला सुरुवात केली ते आज तुमच्यापुढे ठेवते आहे.

अदखलपात्र म्हणजे ज्या गुन्ह्याचा तपास दंडाधिकाऱ्यांच्या आदेशावाचून पोलीस करू शकत नाहीत असा गुन्हा. दखलपात्र म्हणजे ज्याची नोंद पोलिसांनी तत्काळ प्रथम खबर म्हणून घ्यावी आणि तपास सुरू करावा असा गुन्हा. प्रथम खबर म्हणजेच आपण ज्याला एफ. आय. आर. म्हणतो तो. हातात कागद मिळाला म्हणजे गुन्हा नोंदला गेला, ही आपल्या वस्त्यांमधली सर्वांत मोठी गैरसमजूत आहे. कागद कसला, हे वाचल्याशिवाय ठाण्याची पायरी उतरू नये.

आणि आता ऐका, बंधुभगिनींनो. अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती अत्याचार प्रतिबंध अधिनियम, ज्याला आपण ॲट्रॉसिटीचा कायदा म्हणतो, तो १९८९ साली झाला आणि ३० जानेवारी १९९० पासून अंमलात आला. २०१५ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली, ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. त्या दुरुस्तीने कलम ४ मध्ये सरकारी नोकराची कर्तव्ये स्पष्ट लिहिली. फिर्यादी तोंडी सांगत असेल तर ते लिहून घ्यावे, त्याची सही वा अंगठा घेण्यापूर्वी लिहिलेले त्याला वाचून दाखवावे, आणि त्याची प्रत त्याला लगेच द्यावी. जाणूनबुजून या कर्तव्यात कसूर करणाऱ्या, स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा नसलेल्या सरकारी नोकराला सहा महिने ते एक वर्ष कैदेची तरतूद आहे. म्हणजे मावशींनी “मला वाचून दाखवा” एवढे तीन शब्द उच्चारले असते, तर त्या कोणाकडे भीक मागत नव्हत्या, कायदा सांगत होत्या. पण ते तीन शब्द त्यांना कोणी शिकवले नव्हते. आम्ही विहारात त्यांना गाथा शिकवल्या, हे शिकवले नाही.

नव्याने दीक्षा घेतलेली कुटुंबे आपल्या विहारांतून येतात. त्यांच्या मनात एक भीती घर करून असते, आणि गावातले काही लोक ती मुद्दाम वाढवतात. “तुम्ही आता धर्म बदलला, तुम्हांला तो कायदा लागू नाही, तुमच्या मुलांच्या सवलती गेल्या!” ही भीती एके काळी निराधार नव्हती. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात ज्या लाखो लोकांनी दीक्षा घेतली, त्यांचे नाव केंद्र सरकारच्या अनुसूचित जातींच्या व्याख्येत राहिले नाही. महाराष्ट्र राज्याच्या सवलती त्यांना पुढे मिळाल्या, पण केंद्राचे दार बंदच होते. तरीही ते मागे फिरले नाहीत. आपल्या आजोबा-आजींची ती थोरवी विसरू नका. परंतु १९९० साली संसदेने अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती केली आणि हिंदू व शीख यांच्याबरोबर बौद्धांचाही त्यात समावेश केला. तेव्हा ज्यांची मूळ जात आपल्या राज्याच्या अनुसूचित जातींच्या यादीत आहे, ते बौद्ध झाल्याने अनुसूचित जातीचे असणे थांबत नाही, आणि ॲट्रॉसिटी कायद्याचे संरक्षणही जात नाही. जातीचा दाखला काढून ठेवा, त्याची एक प्रत घरात ठेवा. एक मर्यादाही ध्यानात असू द्या. हा कायदा अनुसूचित जाती-जमातीबाहेरच्या माणसाने केलेल्या अत्याचारासाठी आहे. आपापसांतल्या भांडणाला तो लागत नाही, तेथे देशाचा सर्वसाधारण कायदा आहे.

पोलीस ठाण्यात जाताना काय लक्षात ठेवावे? पहिले, घटना कोठे घडली आणि तेथे आणखी कोण होते. जातीवाचक अपमानाच्या कलमात तो लोकांच्या दृष्टीसमोर घडलेला असणे आवश्यक आहे, म्हणून बघणाऱ्यांची नावे महत्त्वाची. दुसरे, नेमके शब्द. “वाईट बोलला” असे लिहू देऊ नका. जो शब्द वापरला तो कितीही घाणेरडा असो, तोच लिहवून घ्या. आपल्या बायका तो शब्द तोंडाने उच्चारायला लाजतात आणि त्या लाजेत पुरावा बुडतो. लाज ज्याने उच्चारला त्याला वाटावी. तिसरे, आपली जात आणि आरोपीची जात फिर्यादीत यावी. चौथे, प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय परतू नये. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्याप्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते, हद्दीचे कारण सांगून परत पाठवता येत नाही. ठाण्याने नोंद नाकारली तर तीच हकिकत लिहून पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवावी, आणि तेथेही दाद न लागल्यास दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. ॲट्रॉसिटीच्या गुन्ह्याची नोंद करण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची गरज नाही, असे २०१८ च्या दुरुस्तीने कायद्यातच लिहिले आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली ती दुरुस्ती कायम ठेवली आहे. “आधी चौकशी करू, मग बघू” असे कोणी म्हणाले तर हे सांगा.

आपल्यातला कोणी म्हणेल, “बाई, हे सारे खरे, पण वकिलाला द्यायला पैसे कोठून आणायचे?” याचेही उत्तर आहे आणि ते आपल्या उंबऱ्यापासून फार दूर नाही. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-अ संविधानात आला. आर्थिक वा अन्य दुबळेपणामुळे कोणाला न्यायाची संधी नाकारली जाऊ नये, म्हणून राज्याने मोफत कायदेविषयक साहाय्य द्यावे असे तो सांगतो. १९८७ साली विधी सेवा प्राधिकरण अधिनियम झाला, तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून अंमलात आला. त्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, स्त्री, बालक, अपंग व्यक्ती, कोठडीतील व्यक्ती यांना मोफत वकील मिळतो, आणि त्यांच्या बाबतीत उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते, जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असते. साधा अर्ज करायचा. दूरध्वनीवरून विचारायचे असल्यास १५१०० हा क्रमांक आहे. तो विहाराच्या भिंतीवर, बुद्धवंदनेच्या फलकाशेजारी, मोठ्या अक्षरांत लिहा.

१९८६ साली सर्वोच्च न्यायालयापुढे अरुणाचल प्रदेशातील एका गरीब माणसाचा खटला आला. त्याला वकिलाविना शिक्षा झाली होती, कारण त्याने वकील मागितलाच नव्हता. त्याने का मागितला नाही? कारण मागता येतो हेच त्याला माहीत नव्हते. न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. ज्याला आपला हक्क ठाऊक नाही त्याने तो मागितला नाही, म्हणून तो नाकारता येत नाही, हा त्या निकालाचा आशय. तो माणूस सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला म्हणून सुटला. न पोहोचलेले किती, याची मोजदाद कोण करणार?

आता मी एका कटू विषयाकडे वळते. मावशींच्या प्रकरणात पुढे काय झाले? विधी सेवा समितीने वकील दिला. अधीक्षकांना अर्ज गेला, गुन्हा नोंदला गेला, खटला उभा राहिला. पण तीन महिने उलटले होते. नळावर त्या सकाळी आपलीच चार माणसे होती. साक्षीच्या वेळी त्यांपैकी दोघे म्हणाले की आम्ही काही ऐकले नाही. आरोपी संशयाचा फायदा मिळून सुटला. ते दोघे वाईट होते असे मी म्हणत नाही. एकाचे घर त्या लोकांच्या शेतावरच्या मजुरीवर चालत होते. दुसऱ्याला चार वेळा तालुक्याला जाऊन चार दिवसांची रोजी बुडवावी लागली होती. पण त्या दोघांनी दर पौर्णिमेला आमच्याबरोबर चौथे शील घेतले होते. खोटे बोलण्यापासून अलिप्त राहण्याचे शील आपण विहारात घेतो, आणि ते मोडण्याची वेळ न्यायालयाच्या पिंजऱ्यात येते. विहारात खोटे बोलण्याचा प्रसंगच कोणावर येतो? शीलाची परीक्षा साक्षीदाराच्या पिंजऱ्यातच होते.

परंतु नुसता उपदेश करून मी थांबले तर तो उपदेश पोकळ ठरेल. भुकेल्या साक्षीदाराला शील सांगण्यापूर्वी त्याच्या भाकरीचा विचार केला पाहिजे. आळवी येथे एक भुकेला शेतकरी बैल शोधून थकून आला, तेव्हा तथागतांनी आधी त्याला जेवू घालायला सांगितले आणि मग धम्म सांगितला. कायद्यानेही हे ओळखले आहे. ॲट्रॉसिटी कायद्याखालच्या १९९५ च्या नियमांप्रमाणे पीडिताला आणि साक्षीदाराला तपासासाठी व खटल्यासाठी येण्या-जाण्याचा प्रवासखर्च आणि किमान वेतनाहून कमी नसलेला दैनिक भत्ता मिळण्याची तरतूद आहे. कलम १५-अ मध्ये पीडित, त्याचे आश्रित आणि साक्षीदार यांच्या संरक्षणाची जबाबदारी राज्यावर टाकली आहे. आरोपीच्या जामिनाच्या अर्जाची सूचना पीडिताला मिळाली पाहिजे आणि त्याचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे. पीडिताला मदतीसाठी वकील, सामाजिक कार्यकर्ता किंवा संस्था सोबत घेता येते. सामाजिक वा आर्थिक बहिष्कार टाकणे हाही याच कायद्याने गुन्हा आहे. शासनाकडून मिळणारे अर्थसाहाय्य टप्प्याटप्प्याने मिळते, त्यासाठी समाजकल्याण कार्यालयाशी संपर्क ठेवावा लागतो. हे त्या दोघांना कोणी सांगितले असते, आणि विहारातून चार माणसे त्यांच्यासोबत एस. टी. त बसली असती, तर कदाचित त्यांचे शील टिकले असते. साक्षीदाराबरोबर जाणे हे दान आहे. अभयदानाहून मोठे दान कोणते?

खैरलांजी आपण विसरू शकत नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी तेथे एका बौद्ध कुटुंबातील चार जणांची हत्या झाली. २००८ साली सत्र न्यायालयाने आठ आरोपींना दोषी ठरवले, परंतु ॲट्रॉसिटी कायद्याखालचा गुन्हा सिद्ध झाल्याचे मानले नाही. साऱ्या महाराष्ट्राला ज्यात जात दिसत होती, त्या प्रकरणात न्यायालयाच्या निकालात जात सिद्ध झाली नाही! रस्त्यावर आपण कितीही मोठ्याने ओरडलो तरी न्यायालय फिर्याद, जबाब, पंचनामा आणि साक्ष यांवरच निर्णय देते. तेथे जे नोंदले गेले नाही, ते घडले नाही असेच धरले जाते. म्हणून पहिल्या दिवसाचा पहिला कागद इतका मोलाचा आहे.

कोणी विचारील, न्यायालयाच्या मार्गाने कधी काही मिळते का? वर्षानुवर्षे तारखाच पडतात! त्यांनी महाडकडे पाहावे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ सालीच झाला होता. महाड नगरपालिकेनेही तळे खुले असल्याचा ठराव केला होता. पण २० मार्च १९२७ पर्यंत आपल्यातल्या कोणी त्या पाण्याला हात लावू शकला नव्हता. ठराव कागदावर होता, पाणी तळ्यात होते, आणि मध्ये भीती होती. त्या दिवशी परमपूज्य बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले आणि हजारोंनी त्यांच्यामागून घेतले. पुढे विरोधकांनी दिवाणी दावा लावला, तळे आमच्या मालकीचे असे म्हटले, आणि डिसेंबर १९२७ मध्ये न्यायालयाकडून तात्पुरता मनाई हुकूम आणला. हजारो सत्याग्रही तेव्हा महाडात जमले होते. त्यांना पुन्हा तळ्यावर नेणे बाबासाहेबांना अशक्य होते काय? पण त्यांनी सत्याग्रह तहकूब केला आणि न्यायालयात लढले. महाडचे न्यायालय, ठाण्याचे न्यायालय, मुंबईचे उच्च न्यायालय! १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने निकाल दिला की, अस्पृश्यांना वगळण्याची अनादी काळापासूनची रूढी वादींना सिद्ध करता आलेली नाही. तळे सार्वजनिकच ठरले. पाणी घ्यायला एक दिवस लागला, तो हक्क न्यायालयात टिकवायला दहा वर्षे लागली. ज्याने महाडात पाणी उचलले तोच माणूस दहा वर्षे कागद सांभाळत होता. आपण २० मार्चला महाडला जातो. १७ मार्चही आपल्या मुलांना सांगा.

आता थोडे स्वतःच्या घरात पाहू या. कायदा बाहेरच्यांशी भांडण्याचे हत्यार आहे असे कोणी समजत असेल तर त्याला विनय समजलेला नाही. उपालीचा विनय आधी भिक्खूंच्या स्वतःच्या वागण्याला होता. दर पंधरवड्याला उपोसथाच्या दिवशी भिक्खूसंघ एकत्र बसे, सारे नियम मोठ्याने म्हटले जात आणि प्रत्येकाने आपल्या दोषाची कबुली द्यावी अशी रीत होती. तेव्हा मी बांधवांना विचारते, वडिलांच्या पश्चात सातबारावर नाव लावताना तुम्ही बहिणीकडून हक्कसोड पत्रावर सही घेता ना? तिला ते पत्र वाचून दाखवता का? उत्तराधिकाराच्या १९५६ च्या कायद्याच्या व्याख्येत बौद्ध येतात, आणि २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे. ज्या हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले, त्याचा गाभा हाच होता. पोलीस ठाण्यात आपल्या आईला न वाचता अंगठा द्यावा लागला म्हणून आपण संतापतो, आणि तलाठी कार्यालयात बहिणीला तेच करायला लावतो! घरात मारहाण होणाऱ्या स्त्रीसाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे आणि तिलाही तोच मोफत वकील आहे. आपल्या वस्तीतल्या बहिणीने तो मागितला तर “समाजाची बदनामी होते” म्हणून तिला अडवू नका.

आणि आणखी एक पथ्य. फिर्यादीत एक शब्दही खोटा नसावा. राग आला म्हणून भांडणात नसलेल्या माणसाचे नाव घालू नये, न घडलेले वाढवून सांगू नये. एक खोटे दहा खऱ्या फिर्यादींना मारते. विनयात आरोपीच्या पाठीमागे निर्णय करण्यास मनाई होती, त्याला समोर ठेवून, त्याचे ऐकून निवाडा करायचा होता. आपल्याला न्याय हवा आहे, सूड नको. वैराने वैर शमत नाही ही तथागतांची शिकवण आहे. पण त्या शिकवणीचा अर्थ अन्याय निमूट सोसावा असा कोणी लावत असेल तर तो चुकतो. गावची पुढारी मंडळी जेव्हा “मिटवून टाका, गावात शांतता राहू द्या” म्हणतात, तेव्हा विचारा की शांतता कोणाच्या खर्चाने? ॲट्रॉसिटीचा गुन्हा आपसांत मिटवण्याजोगा नाही. मनात द्वेष न ठेवता, हातात प्रत घेऊन, ताठ मानेने न्यायालयात उभे राहणे हे मैत्रीभावनेच्या विरुद्ध नाही.

तर मग करावे काय? माझी सूचना साधी आहे. दर पौर्णिमेला आणि अमावास्येला त्रिसरण-पंचशील झाल्यावर अर्धा तास विनयाचा ठेवा. एका वेळी एकच कलम घ्या. शिकलेल्या मुलाने वा मुलीने ते वाचावे आणि मग आपल्या वस्तीच्या बोलीत सांगावे. ब्राह्मण कुळातून आलेल्या दोन भिक्खूंनी बुद्धवचन छंदात बांधण्याची परवानगी मागितली, तेव्हा तथागतांनी ती नाकारली आणि ज्याने त्याने आपल्या भाषेत शिकावे असे सांगितले. कायद्यालाही तेच लागू करा. तालुका विधी सेवा समितीला पत्र लिहून विहारात कायदेविषयक शिबिर मागा. ती मागणी करणे तुमचा अधिकार आहे. विहारात एक वही ठेवा, तीत तालुका न्यायालय, पोलीस अधीक्षक, समाजकल्याण कार्यालय यांचे पत्ते असू द्या. कोणाचा कागद आला की त्याची प्रत त्या वहीत लावा. वस्तीतून दोन स्त्रिया आणि दोन पुरुष ठरवा. कोणावर प्रसंग आला तर त्याला एकट्याने ठाण्यात जाऊ द्यायचे नाही. संविधानाची प्रत विहारात आहे ना? तिला हार घालणे पुरे झाले. ती उघडा. न उघडलेला ग्रंथ पूजणे ही जुनी सवय आपण १९५६ सालीच सोडलेली आहे.

आमच्या विहारात हा अर्धा तास गेली पाच वर्षे चालतो. मावशी पहिल्या रांगेत बसतात. त्यांची केस हरली, ते दुःख त्यांना आहे. अक्षर त्यांना अजूनही येत नाही. पण गेल्या वर्षी बचत गटाच्या कर्जाचा फॉर्म घेऊन एक साहेब वस्तीत आले. बायका रांगेने सह्या करू लागल्या. मावशींची पाळी आली तेव्हा त्यांनी अंगठा पदराखाली घेतला आणि म्हणाल्या, “आधी वाचून दाखवा.” साहेबांना वाचावे लागले. वाचता वाचता व्याजाचा दर आला, आणि आधी सही केलेल्या तीन बायकांनी आपापले कागद परत मागितले.

बंधुभगिनींनो, उपालीला वंदन करायचे असेल तर असे करा. येत्या पौर्णिमेपासून सुरुवात करा, आणि पहिल्या दिवशी आपल्या घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला ते तीन शब्द शिकवा.

नमो बुद्धाय! जय भीम!